अधिक-उणे सर

आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या माणसाची सुरुवातीला अशी समजूत होते की ‘अधिकउणे’ हे सरांचं आडनाव आहे. वऱ्हाडाकडचं असावं, असाही अंदाज लोक बांधून मोकळे होतात. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे. पण पाटी तिसऱ्या मजल्यावर आणि सर कायम तळमजल्यावर, लिफ्टच्या तोंडाशी. तिथेच ते माणसं गाठतात.

सर भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. तुमच्या-माझ्या जगात वस्तूला किंमत असते, वजन असतं, झालंच तर रंग असतो. सरांच्या जगात वस्तूला वय असतं आणि वयाच्या मागे एक शेपूट असतं : अधिक-उणे इतकं इतकं. बिनशेपटीचं वय सांगणारा माणूस त्यांच्या लेखी खोटा नसला तरी कच्चा असतो. कोणी सहज म्हणालं, “आमचा टॉमी पाच वर्षांचा झाला,” की सर मान तिरकी करतात, चष्म्याच्या वरून बघतात आणि विचारतात, “कशावरून?”

हा ‘कशावरून’ खवचट नाही, हे कळायला वेळ लागतो. भाजीवालीने “मेथी आत्ताच उतरलीय, सर” म्हटलं तरी तो येतो, डॉक्टरांनी “दुखणं जुनं दिसतंय” म्हटलं तरी येतो आणि लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या गृहस्थाने “आमचं घराणं चारशे वर्षांचं” असं तोंडातून काढलं तर खुर्ची पुढे ओढून येतो. त्या बिचाऱ्याला अजून कोथरूड, सिंहगड रोड आणि बिबवेवाडी उरकायची असते. सरांना मात्र चारशे वर्षांचा पुरावा सनदेत आहे की शिलालेखात, हे तिथल्या तिथे हवं असतं.

गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, दहापट मोठं दाखवणारं. स्कूटरच्या डिकीत हातोडी. कॉलेजने निरोप समारंभात दिलेलं मनगटी घड्याळ कपाटात पडून आहे, कारण ते किती चुकतं हे खोक्यावर छापलेलं नाही. दगड हाती आला की आधी भिंग लावायचं, मग त्यावर तोंडाची वाफ सोडून वास घ्यायचा आणि काकू जवळपास नसतील तर जिभेचं टोकही लावायचं, असा क्रम ठरलेला आहे. काकू जवळपास असल्या तर दगड खिशात जातो. त्यांच्या सगळ्या पँटींचे खिसे आतून फाटलेले आहेत.

सरांच्या घरातला फोटोंचा अल्बम एकदा जरूर बघावा. खडकाचा फोटो काढताना मापासाठी शेजारी हातोडी, पेन किंवा नाणं ठेवतात. नाहीतर कडा आहे की ढेकूळ हे नुसत्या फोटोवरून कळत नाही. ही सवय सरांच्या हाडीमाशी खिळली. त्यामुळे थोरल्या मुलाच्या बारशाच्या फोटोत पाळण्याच्या कडेला हातोडी आहे. मुलीच्या लग्नात अंतरपाटाखाली, वरमाईच्या पैठणीला टेकून, हातोडी आहे. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला केकशेजारी दोन रुपयांचं नाणं आहे आणि ते नातवाच्या तोंडात जायच्या आत काढून घेणारा काकूंचा हात अर्धा दिसतो. काकूंचा स्वतःचा एक तरुणपणीचा फोटो आहे, भाजे लेण्यांपाशी, निळ्या साडीतला. त्यात हातोडी नाही. “त्या दिवशी विसरली होती,” असं सर म्हणतात. काकूंचं म्हणणं वेगळं आहे.

काकूंना बघायला सर गेले, तेव्हाची हकिकत दोन्ही घरांत अजून चालते. पोहे झाले, सुपारी फिरली, मुलीच्या वडिलांनी वय सांगितलं. सरांनी आपला प्रश्न टाकला. खोलीत जरा गारठा पसरला. वडिलांनी शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला. त्यावर तारीख १ जून. सरांच्या स्वतःच्या दाखल्यावरही १ जूनच. त्या पिढीतली निम्मी मुलं हेडमास्तरांनी १ जूनला जन्माला घातली आहेत. सर म्हणाले, “हा दाखला शाळेच्या सोयीचा. दुसरं काही आहे?” तेव्हा पडद्याआडून सासूबाई बोलल्या : धाकटा पानशेतच्या पुरात पाळण्यात होता आणि ही त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. सर खुर्चीतून अर्धे उठलेच. पानशेत फुटलं ती तारीख १२ जुलै १९६१, अख्ख्या पुण्याला पाठ. वर काय, खाली काय, हे ठरवायला याहून पक्की खूण कुठली? सासूबाई शेवटपर्यंत सरांच्या मते घराण्यातल्या एकमेव स्तरशास्त्रज्ञ राहिल्या. लग्न अर्थातच जमलं.

गंमत अशी की भूशास्त्र पहिली अडीचशे वर्षं सासूबाईंच्याच रीतीने चाललं. निकोलस स्टेनोने १६६९ मध्ये लिहून ठेवलं की न हललेल्या थरांत खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. पुढे इंग्लंडात कालव्यांच्या खोदकामावरच्या विल्यम स्मिथ नावाच्या सर्व्हेअरने ओळखलं की ठरावीक थरात ठरावीकच जीवाश्म सापडतात, आणि त्या जोरावर १८१५ मध्ये अख्ख्या देशाचा भूशास्त्रीय नकाशा छापला. कोण आधी आणि कोण नंतर, हे सगळं कळलं. किती आधी, ते मात्र कोणाच्या बापाला ठाऊक नव्हतं.

तो ‘किती’ कुठून आला, याचं एकपात्री सर कोजागिरीला गच्चीवर करतात. साल १९०४, लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन. व्याख्याता अर्नेस्ट रदरफर्ड, तिशी नुकती ओलांडलेला. श्रोत्यांत लॉर्ड केल्व्हिन, ऐंशीच्या घरातले, ज्यांनी पृथ्वी थंड होण्याच्या हिशेबावरून तिचं वय दोन ते चार कोटी वर्षांवर आणून ठेवलं होतं. रदरफर्डचं म्हणणं नेमकं त्याच्या विरुद्ध. पण दिवे मंद, आणि म्हाताऱ्याला डुलकी लागलेली. इथे सर हनुवटी छातीवर टाकून बारीक घोरतात. रदरफर्ड अडचणीच्या मुद्द्यापाशी येतो आणि केल्व्हिन एक डोळा उघडतात. सरही उघडतात, समोरची लहान मुलं किंचाळतात. मग रदरफर्डला ऐन वेळी सुचतं : लॉर्ड केल्व्हिन म्हणालेच होते की उष्णतेचा नवा उगम सापडला नाही तरच माझा हिशेब खरा, म्हणजे आज आपण ज्या रेडियमबद्दल बोलतोय त्याचं भाकीत त्यांनीच केलं होतं! म्हातारबुवा प्रसन्न. हा प्रसंग पुढे खुद्द रदरफर्डने सांगितला आहे, त्यामुळे त्यात थोडी स्वतःची पाठ थोपटणं असणारच, असं सर नमूद करतात. ‘कशावरून’ मधून रदरफर्डही सुटत नाही.

तिथून दूध आटेपर्यंत पुढचा इतिहास. आर्थर होम्सने १९११ मध्ये युरेनियम आणि शिशाचं प्रमाण मोजून नॉर्वेतल्या एका खडकाचं वय ३७ कोटी वर्षं काढलं, तेव्हा तो जेमतेम एकवीस वर्षांचा. क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये उल्कांतलं शिसं मोजून पृथ्वीचं वय ठरवलं : ४५५ कोटी, अधिक-उणे ७ कोटी. हा आकडा आजही जागचा फारसा हललेला नाही. पॅटरसनला पहिली काही वर्षं उत्तरच येईना, कारण नमुन्यात कुठून तरी बाहेरचं शिसं शिरायचं. त्याने प्रयोगशाळा धुऊन धुऊन काढली, तेव्हा कळलं की शिसं हवेतच आहे, आणि ते येतंय पेट्रोलमधून. पुढचं आयुष्य त्याने पेट्रोल कंपन्यांशी भांडण्यात घालवलं. भारतात पेट्रोलमधलं शिसं २००० साली गेलं. त्या दिवसांत पंपावर ‘शिसेविरहित’ अशी पाटी दिसली की सर स्कूटरवरून एक हात कपाळाला लावायचे. मागे बसलेल्या काकूंना पंपावर कुठला देव आहे ते बरेच दिवस कळलं नव्हतं.

सरांचा खरा राग एकाच गोष्टीवर आहे. टीव्हीवर कुठल्याशा गावात दगडी मूर्ती सापडल्याची बातमी येते आणि निवेदिका सांगते की तिचं कार्बन डेटिंग होणार. सर रिमोट शोधत नाहीत, थेट उठून टीव्हीशी बोलतात. “दगड कधी जिवंत होता का, बाई?” कार्बन-१४ हवेत वर, अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे तयार होतो. झाडं तो घेतात, झाडं खाणारे घेतात, त्यांना खाणारे घेतात. जीव गेला की घेणं बंद आणि असलेला साठा घटायला सुरुवात, ५,७३० वर्षांत निम्मा. साधारण ५० हजार वर्षांनंतर मोजण्याजोगं काही उरत नाही. विलार्ड लिबीने १९४९ मध्ये ही पद्धत आणली, १९६० मध्ये तिला नोबेल मिळालं, आणि तेव्हापासून जगातली प्रत्येक जुनी वस्तू कार्बनच्या दारात आणून उभी करायची, हा लोकांचा छंद झाला. इनामगावच्या उत्खननात कोळशाचे तुकडे निघाले, त्यांनी तीन हजार वर्षांमागच्या त्या शेतकऱ्यांचा काळ सांगितला. तिथे कार्बनच हवा. पण डायनासोरचं हाड कार्बनला दाखवून उपयोग नाही, आणि मूर्तीच्या दगडाचं वय काढलंच तर दगडाचं निघेल, मूर्तीचं नाही. मूर्तिकाराच्या छिन्नीने दगडातलं कुठलंच घड्याळ सुरू होत नाही.

या कार्बनवाल्यांत ‘आज’ म्हणजे १९५० हे साल. जगभरच्या प्रयोगशाळांनी ते कायमचं धरून ठेवलंय, कारण त्यानंतर अणुचाचण्यांनी हवेतलं कार्बनचं मूळ प्रमाणच बिघडवलं. सरांचा जन्म १९४६ चा. ते वय विचारणाऱ्याला सांगतात, “आजपूर्वी चार वर्षं.” समोरचा हसतो. सर हसत नाहीत. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला ते बँकेत जातात. तिथल्या तरुण मुलीला त्यांनी एकदा समजावून सांगितलं की कार्बनचं घड्याळ माणूस गेल्यावर सुरू होतं, तेव्हा बँकेला माझ्याकडून एवढंच हवंय की ते अजून सुरू झालेलं नाही. मुलीने अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितला. यंत्राने दोनदा नाकारला. सर म्हणाले, “बघ, यंत्रालाही शंका आहे.”

सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा हे सरांचं आजवरचं सर्वात मोठं रणांगण. बिल्डरचा माणूस आराखडे घेऊन आला होता, चहा-सामोसे त्याच्याच खर्चाने होते, वातावरण एकंदर मऊ होतं. तो म्हणाला, “तुमची बिल्डिंग आता तीस वर्षांची झाली.” पुढचं तुम्हाला माहीत आहे. सेक्रेटरींनी भोगवटा पत्राची तारीख वाचली. सर म्हणाले, “ती कागदाची. मी वय विचारतोय. पायाचं, विटांचं, प्लास्टरचं, की लिफ्टचं?” बिल्डरचा माणूस हसला, त्याला वाटलं विनोद आहे. सरांनी फळ्याच्या जागी आराखड्याची मागची बाजू घेतली.

मला त्या सभेतलं एक वाक्य फार आवडलं होतं, म्हणून ते इथे देतो. “वय म्हणजे घड्याळ केव्हा सुरू झालं त्याचं उत्तर. कुठलं घड्याळ, आणि कशाने सुरू झालं, ते आधी बोला.” मग एकेक घड्याळ. लाव्हा वितळलेला असतो तोवर त्यातला आर्गन वायू निसटत राहतो. खडक थिजला की पोटॅशियमपासून तयार होणारा आर्गन आत अडकायला लागतो. म्हणजे आर्गन थंड झाल्याची वेळ सांगतो. तोच खडक पुन्हा तापला की वायू सुटतो आणि घड्याळ परत शून्यावर. वाळूच्या कणाचं घड्याळ त्याला शेवटचं ऊन लागलं तिथून सुरू होतं. आसपासच्या मातीतला किरणोत्सार त्याच्यात साठत जातो आणि प्रयोगशाळेत तो कण प्रकाशाच्या रूपाने सगळं ओकतो. जीवाश्माचं वय बहुतेक वेळा कोणी काढतच नाही; त्याच्या वरच्या-खालच्या राखेचं काढतात आणि मधे जीवाश्माला गाठतात. “चेअरमननी मागच्या वर्षी फ्लॅट आतून पूर्ण नवा केला. त्यांचं घड्याळ शून्यावर आहे. माझ्या स्वयंपाकघरातला ओटा मूळचा. आता बिल्डिंगचं वय सांगा.” कोणी सांगितलं नाही. त्या सभेच्या इतिवृत्तात सेक्रेटरींच्या सुवाच्य अक्षरात नोंद आहे : ‘इमारतीचे वय या विषयावर चर्चा झाली. वय ठरले नाही.’ बिल्डरने पुढच्या सभेला सामोसे पाठवले नाहीत.

उन्हाच्या त्या घड्याळाला नमुना अंधारातच घ्यावा लागतो. एकदा दिवसाचा उजेड लागला की लाखभर वर्षांचा साठा वाया. त्यासाठी लोखंडी नळी नदीच्या दरडीत ठोकायची, दोन्ही तोंडं बंद करायची, काळ्या कापडात गुंडाळायची. सरांचा एक विद्यार्थी घोड नदीच्या बाजूला रात्री हे करत होता. काळं कापड पांघरलेली दोन माणसं, हातोडीचा आवाज, कुजबुज. गावात बातमी गेली की गुप्तधन निघतंय. पोलीस पाटील आले, चार-दोन काठ्याही आल्या. विद्यार्थ्याने खरं काय ते सांगितलं : या वाळूला ऊन शेवटचं कधी लागलं ते बघतोय. पाटील जरा विचार करून म्हणाले, “मग आम्हाला विचारायचं. दुपारीच लागलंय.”

सोसायटीची सहल महाबळेश्वरला न्यायची, हे सर्वानुमते ठरलं होतं. परतताना पोलादपूरकडून, आंबेनळी घाटाने उतरायचं, हे मात्र सरांनी एकट्याने ड्रायव्हरशी ठरवलं. घाटात एका वळणावर बस थांबली. बायकांना वाटलं कणसं. सर खाली उतरून रस्त्याच्या कापलेल्या भिंतीपाशी गेले. वर काळा दगड, खाली काळा दगड आणि मधे वीतभर जाडीचा विटकरी पट्टा, बोटाने खरवडला तर भुगा पडेल असा. आपण सगळे तो जन्मभर बघत आलोय, आणि गेरू किंवा तांबडी माती म्हणून सोडून दिलाय.

“खालचा लाव्हा आला, थिजला. मग ज्वालामुखी थांबला. दगडाची वर माती होईपर्यंत थांबला. मग वरचा आला. मधल्या सुट्टीची ही माती.” सुट्टीत कधीतरी कुठून तरी राख येऊन पडली आणि त्या राखेत झिरकॉनचे स्फटिक होते. काळ्या कातळात झिरकॉन जवळजवळ मिळत नाही. या लाल पट्ट्यात हुडकला तर मिळतो. झिरकॉनवर सरांचं विशेष प्रेम आहे. तो जन्मताना युरेनियमला घरात घेतो, शिशाला दारातूनच परत पाठवतो. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या आजीसारखा कडक. तेव्हा पुढे त्याच्या पोटात शिसं सापडलंच तर ते बाहेरचं नाही, आतल्या युरेनियमचंच झालेलं. मोजा आणि वय सांगा.

मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. सरांचा आवाज चढला. २०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात आपल्या सह्याद्रीवर दोन शोधनिबंध आले. प्रिन्स्टनवाल्यांनी लाल पट्ट्यातला झिरकॉन घेतला, बर्कलीवाल्यांनी काळ्या कातळातला आर्गन. दोघेही याच घाटांतून दगड फोडून घेऊन गेले. एवढा प्रचंड लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला, यावर दोघांचं एकमत. पण डायनासोर गेले ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, मेक्सिकोत अशनी आदळला तेव्हा. त्या क्षणाच्या आधी किती लाव्हा आला आणि नंतर किती, यावर फाटलं. प्रिन्स्टन म्हणतं चार मोठे उमाळे, त्यातला एक संहाराच्या जरा आधी सुरू झालेला. बर्कली म्हणतं तीन-चतुर्थांश लाव्हा संहारानंतरचा. म्हणजे सह्याद्रीने डायनासोर मारले की नुसता मयताला हजर होता, हा प्रश्न.

“मग कोणाचं खरं?” चेअरमननी विचारलं, कारण कोणीतरी विचारल्याशिवाय बस सुटणार नव्हती.

“सहा कोटी साठ लाखांत दोघांचा फरक काही दहा हजार वर्षांचा आहे, चेअरमन. तुमच्या मेंटेनन्सच्या हिशेबात याहून मोठा फरक निघतो.”

टेम्पोवाला खाली उतरला होता. त्याने लाल पट्ट्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, आमच्या गावाकडं अशा लाल थरातनं पावसाळ्यात पाणी झिरपतं बघा.” सरांनी त्याचा नंबर घेतला. आमचा कोणाचाही नंबर त्यांच्या फोनमध्ये नाही.

या काळ्या थरांना भूशास्त्रज्ञांनी खालून वर नावं दिली आहेत : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. सरांच्या नातवाला हे पाढ्यांच्या आधी पाठ झालं. शाळेत बाईंनी “मुंबईहून पुण्याला जाताना लागणारी स्टेशनं सांगा” म्हटल्यावर तो खंडाळ्यावरून सरळ बुशेला गेला.

लोणारला सरांना एकट्यालाच जाऊ द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथला वाटाड्या चांगला बोलका होता. म्हणाला, विवराचं वय ५२ हजार वर्षं. सरांनी सांगितलं की तो काचेच्या तापदीप्तीचा जुना आकडा. २०११ मध्ये आर्गनने ५ लाख ७० हजार काढलंय, अधिक-उणे ४७ हजार. एका खड्ड्याची दोन वयं, दहापट फरक. उल्केच्या धडकेने वितळलेल्या दगडात जुना आर्गन थोडा जरी राहून गेला तर वय फुगतं. उलट काचेत साठलेली दीप्ती गळून गेली तर वय आटतं. आपला पाठिंबा आर्गनला, हेही सरांनी सांगून टाकलं. वाटाड्याने शांतपणे ऐकून घेतलं. “सर, पाच लाख सांगितले तर पब्लिक म्हणतं फेकतोय. बावन्न हजारावर विश्वास बसतो.” यावर सरांकडे उत्तर नव्हतं. सरांना निरुत्तर होताना मी तेवढंच पाहिलं.

त्यांची लाडकी जागा मात्र लोणार नव्हे, जुन्नर तालुक्यातलं बोरी. कुकडी नदीच्या काठी तिथे पांढुरक्या राखेचा एक थर आहे आणि त्याच्या आसपास आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी मिळतात. राख इथली नव्हे, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची. आता टोबा कैक वेळा फुटला. यातली ही राख कुठल्या वेळची? एकांनी १९८९ मध्ये सांगितलं १४ लाख वर्षं. दुसऱ्यांनी सांगितलं ६ लाख ७० हजार. तिसरे म्हणतात, ही शेवटच्या मोठ्या स्फोटाची, ७५ हजारांची. राख तीच, नदी तीच. कुऱ्हाड कोणी घडवली, हे सगळं त्या आकड्यावर लटकलेलं. एखादा माणूस यावर हताश झाला असता. सर बोरीहून परतले की आठवडाभर आनंदात असतात आणि लिफ्टपाशी कोणालाही अडवत नाहीत.

सेक्रेटरींच्या घरच्या सत्यनारायणाला काकूंनी त्यांना आधीच दम देऊन आणलं होतं. गुरुजींनी संकल्प सुरू केला. श्वेतवाराह कल्प आला, वैवस्वत मन्वंतर आलं, कलियुगाचा पहिला चरण आला, आणि सरांच्या भुवया चढत गेल्या. पण गुरुजीही तयारीचे. पूजा आटोपल्यावर प्रसादाचा द्रोण हातात देताना म्हणाले, “सर, तुमची पृथ्वी ४५५ कोटींची, आमचा कल्प ४३२ कोटींचा. पाच टक्के चूक. तुमच्या शास्त्रात चालतं ना एवढं?”

सरांनी शिऱ्याचा घास संपवला. “४३२ हा पूर्ण कल्प झाला, गुरुजी. त्यातले गेलेत किती? तुमच्याच हिशेबाने १९७. मग जुळलं कुठे?” गुरुजी मनातल्या मनात मन्वंतरं मोजू लागले. “आणि जुळलं असतं तरी मी विचारलं असतं, मोजलं कशाने.”

वातावरण तापणार, एवढ्यात सरांची नजर ताम्हनातल्या शाळिग्रामावर गेली. भिंग बाहेर आलं. काकू अर्ध्या उठल्या, कारण भिंगानंतर काय येतं ते त्यांना ठाऊक. पण सरांनी हात जोडून, गुरुजींची परवानगी घेऊन, तो नुसता तळव्यावर घेतला. काळ्या दगडात शिंपल्याचं चक्र, त्यावर बारीक वळ्या. हा अमोनाइट, नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळणारा. समुद्रातला प्राणी, हिमालय वर यायच्या कितीतरी आधीचा. यांच्या जाती भराभर बदलत गेल्या, म्हणून नुसत्या वळ्यांच्या घडणीवरून काळ सांगता येतो, यंत्र लागत नाही. “ज्युरासिकचा उत्तरार्ध. पंधरा कोटी वर्षं, अधिक-उणे एक कोटी. या खोलीत वयाचा दाखला जवळ बाळगणारा हा एकटाच.”

गुरुजींनी शाळिग्राम परत घेतला तो दोन्ही हातांनी. पुढच्या पूजेपासून संकल्पानंतर ते “पंधरा कोटी वर्षांचा हा भगवंत” असं सांगू लागले, आणि दक्षिणेतही थोडा फरक पडला, असं ऐकतो. अधिक-उणे ते गाळतात. सरांनी त्याबद्दल त्यांना एकदा लिफ्टपाशी गाठलं होतं.

सध्या सरांच्या घरी सहस्रचंद्रदर्शनाची बोलणी चालू आहेत. हजार पौर्णिमा म्हणजे २९,५३० दिवस, ऐंशी वर्षं आणि वर साधारण दहा महिने. मुलांनी दाखल्यावरचा १ जून १९४६ धरला आणि एप्रिल २०२७ काढला. सरांनी विचारलं, “कशावरून?” त्यांच्या आई सांगायच्या की तुझ्या वेळी मुंबईत आरमाराच्या खलाशांचं बंड चाललं होतं, गोळीबार होत होता आणि सुईण वेळेवर येऊ शकली नाही. बंड झालं १९४६ च्या फेब्रुवारीत. म्हणजे डिसेंबर २०२६ ची अखेर. थोरला एप्रिलच्या बाजूने, कारण मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात. मुलगी आजीच्या बाजूने. काकूंचं म्हणणं, कुठलाही एक दिवस धरा, पण हॉलवाल्याला कळवा.

हॉलवाल्याला सरांनी स्वतः फोन केला. मी समोर होतो.

“फेब्रुवारी २०२७ धरा,” सर म्हणाले, “अधिक-उणे पन्नास दिवस.”

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “काका, शंभर दिवसांचं भाडं पडेल.”

सरांनी फोनवर हात ठेवला आणि काकूंना विचारलं, “शंभर कसे? एकशे एक होतात ना?”